दिग्नाच्या रेषेतील बाबासाहेब : दुर्गाबाई व सुभाष व्याम यांची चित्रशैली

माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे नेरे गाव आहे. येथील विहारात रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. त्रिसरण-पंचशील झाल्यावर अर्धा-पाऊण तास काहीतरी वाचून दाखवावयाचे, असा प्रघात आहे. एका रविवारी मी ‘भीमायन’ हे चित्रमय पुस्तक घेऊन गेले. मजकूर इंग्रजी असल्यामुळे तो मराठीत सांगत सांगत मी पाने उलटू लागले. पहिल्या काही पानांतच एक मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, बाबासाहेब असे दिसत नाहीत.” मागे बसलेल्या एका ज्येष्ठ उपासकांनी मान डोलावली. त्यांचेही म्हणणे तेच होते, फक्त ते वयाने मोठे असल्यामुळे वर्ग संपेपर्यंत थांबले.

ही हरकत क्षुल्लक नाही. आपल्या समाजात बाबासाहेबांची प्रतिमा ही शोभेची वस्तू नव्हे. निळा कोट, उजव्या हाताचे उंचावलेले बोट, डाव्या हातात ग्रंथ या रूपाशी आपल्या आत्मसन्मानाचा संबंध जडलेला आहे. त्या रूपाची विटंबना झाली तेव्हा माणसे रस्त्यावर आली आहेत आणि त्यांनी प्राणही गमावले आहेत. अशा स्थितीत कोणी चित्रकार बाबासाहेबांचा चेहरा एका बाजूने, एकाच मोठ्या डोळ्याचा, अंगभर ठिपके आणि रेघा भरून काढतो, तेव्हा ‘हे काय आहे?’ असे विचारण्याचा अधिकार उपासकाला आहे आणि मुलालाही आहे. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला दिलेले, थोडे लांबलेले उत्तर आहे.

‘भीमायन’ हे पुस्तक २०११ मध्ये ‘नवयान’ या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा मजकूर, आणि दुर्गाबाई व सुभाष व्याम या दांपत्याची चित्रे. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनपर लेखनावर ते मुख्यतः आधारलेले आहे. पाणी, निवारा आणि प्रवास असे त्याचे तीन भाग आहेत. माणसाला माणूस म्हणून जगण्यास लागणाऱ्या या तीन साध्या गोष्टी. आणि तिन्ही ठिकाणी जात आडवी येते.

व्याम दांपत्य परधान गोंड समाजाचे. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत परधान मंडळी आहेत, त्यामुळे विदर्भातील वाचकांना हा समाज परका वाटणार नाही. गोंडांच्या वंशकथा ‘बाना’ या तंतुवाद्यावर गाऊन सांगणे हे परधानांचे परंपरागत काम. ही गाणारी जमात चित्रांकडे कशी वळली, याचा इतिहास फार जुना नाही. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भोपाळच्या ‘भारत भवन’साठी कलाकारांचा शोध घेत असताना चित्रकार ज. स्वामिनाथन यांच्या सहकाऱ्यांना पाटणगढ येथील जनगढसिंह श्याम हा तरुण भेटला. भिंतीवरची चित्रे त्याने कागदावर आणली; गाण्यातले देव, झाडे, जनावरे त्याने ठिपक्यांनी आणि रेषांनी भरून काढली. २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा अकाली मृत्यू झाला, परंतु तोवर त्याच्या नात्यागोत्यातील अनेक जण चित्रे काढू लागले होते. दुर्गाबाई आणि सुभाष त्याच वर्तुळातील.

दुर्गाबाई शाळेत गेल्या नाहीत. लहानपणी घरातील स्त्रियांकडून त्या ‘दिग्ना’ शिकल्या. सणावाराला, लग्नकार्याला घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर पांढरी माती, पिवळी माती, गेरू यांनी काढावयाची ही नक्षी. तिच्यात आकृत्या थोड्या. वळणारी, एकमेकींत गुंतणारी रेष हेच तिचे मुख्य अंग. याच हाताने पुढे त्यांनी लहान मुलांची पुस्तके सजविली. चेन्नईच्या ‘तारा बुक्स’ने २००३ मध्ये काढलेले ‘वन, टू, ट्री!’ हे मोजणी शिकविणारे पुस्तक त्यांपैकी एक. एकापासून दहापर्यंत वाढत जाणारे प्राणी एका झाडावर येतात आणि झाड सर्वांना जागा करून देते. भज्जू श्याम व रामसिंह उर्वेती यांच्यासमवेत केलेले ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ २००६ चे. हाताने केलेल्या काळ्या कागदावर हातानेच छापलेले. इटलीतील बोलोन्या येथे भरणाऱ्या बालपुस्तकांच्या जत्रेत २००८ साली त्याला पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली. पुरस्कारांची नोंद येथे केवळ ओळखीपुरती. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते मोजणीच्या पुस्तकातील झाड. सर्वांना जागा देणारे ते झाड पुढे ‘भीमायन’मध्ये फार वेगळ्या कामाला आलेले दिसते.

या चित्रशैलीचे पहिले आणि सर्वांत ठळक वैशिष्ट्य म्हणजे चौकट नसणे. चित्रकथा म्हटली की पानाचे चौकोनी तुकडे पाडावयाचे आणि एकेका तुकड्यात एकेक प्रसंग बसवावयाचा, ही रीत आपल्या परिचयाची आहे. व्याम दांपत्याने तसे करावयास नकार दिला. पात्रांना खोक्यात कोंबले की ती गुदमरतात. आमची कला खुली आहे, अशा आशयाची त्यांची भूमिका होती. म्हणून ‘भीमायन’च्या पानावर चौकटीच्या जागी दिग्नाचा पट्टा येतो. तो वळत वळत पान विभागतो, पण कोंडत नाही. एका प्रसंगातील माणसाचा हात दुसऱ्या प्रसंगाच्या हद्दीपर्यंत पोहोचू शकतो.

जातिव्यवस्था म्हणजे माणसाला त्याची हद्द आखून देणे. वेशीबाहेरची वस्ती, पाणवठ्याची मनाई, मंदिराची पायरी या सर्व रेषाच आहेत. ज्या पुस्तकाचा विषय अशा रेषा ओलांडण्याचा आहे, ते चौकटींच्या जाळीत बसविले असते तर रूप आणि आशय यांत भांडण लागले असते. आदिवासी घराच्या भिंतीवरील रेषेने ते भांडण आपसूक मिटविले. हे चित्रकारांनी ठरवून केले की त्यांच्या हाताच्या सवयीने झाले, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

चौकटीविना कथा चितारणे ही नवलाई नाही, हेही सांगितले पाहिजे. आपले पूर्वज हे करीतच होते. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील छद्दन्त जातक पाहा, किंवा सतराव्या लेण्यातील वेस्सन्तर. प्रसंगांना वेगळे करते ते एखादे झाड, एखादा खांब, दरवाजा किंवा पात्राची फिरलेली पाठ. छद्दन्त गजराज एकाच पटावर अनेकदा दिसतो आणि पाहणाऱ्याने त्याच्या मागोमाग चालावयाचे असते. काळाचा क्रम नेहमीच डावीकडून उजवीकडे जात नाही; जंगलातले प्रसंग जंगलात एकत्र, राजवाड्यातले राजवाड्यात एकत्र, अशी मांडणीही तेथे आढळते. ‘भीमायन’ उघडल्यावर डोळा असाच भटकू लागतो. आमच्या वर्गातील मुले पान पाहताना बोट फिरवीत होती, आणि ती बोटे सरळ ओळीत फिरत नव्हती. अजिंठ्यापासून या पुस्तकापर्यंत अखंड परंपरा आहे, असा दावा मी करणार नाही; तसा पुरावा नाही. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी अजिंठा पाहिला व घडविला, त्यांना हे पान परके वाटण्याचे कारण नाही.

दुसरे वैशिष्ट्य संवादाच्या फुग्यांचे आहे, आणि मुलांना सर्वाधिक रमविले ते यानेच. सामान्य चित्रकथेत सर्वांचे बोलणे सारख्याच वर्तुळात असते. येथे सौम्य, निष्पाप किंवा अन्याय सोसणाऱ्या माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. जातीचे विष ओकणाऱ्याच्या बोलण्याला विंचवाची नांगी असते. मनात चाललेला विचार असेल तर तेथे मनाचा डोळा काढलेला असतो. इंग्रजी न येणारी मुले एक शब्दही न वाचता सांगू लागली की हा वाईट बोलतो आहे, हा चांगले बोलतो आहे. एका मुलीने तर एका पानावर मला दुरुस्त केले. मी घाईत एक वाक्य भलत्याच पात्राच्या तोंडी घातले होते; ती म्हणाली, “ताई, ते विंचवाचं आहे.” वाणीने होणारी हिंसा ही अस्पृश्यतेतील किती मोठी हिंसा होती, हे व्याख्यानाने समजावणे कठीण. सम्मावाचेवर मी अनेक वर्षे बोलत आले आहे. त्या नांगीइतके परिणामकारक मला काही साधलेले नाही.

येथे एक बारीक तक्रार नोंदविते. पालि परित्तांतील खन्धपरित्तात साप, विंचू, घोण यांचाही उल्लेख येतो आणि त्यांच्याविषयी मैत्रीच सांगितलेली आहे. विंचू डंख मारतो तो स्वतःच्या रक्षणासाठी. जातीयवादी मनुष्य कोणतेही भय नसताना डंख मारतो. विंचवावर हा थोडा अन्यायच झाला. गोंडांच्या चित्रसृष्टीत तर सर्व जीव मानाने नांदतात, म्हणून हे अधिक जाणवते.

आता चित्रांतील रूपकांकडे येऊ. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाला नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ उघडला तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. हा प्रसंग आपल्या घराघरांत पाठ आहे. चित्रकारांनी नळाच्या जागी हातपंप काढला आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो तेथे शोभत नाही, आणि माझ्यातील अभ्यासकाला ते प्रथमदर्शनी खटकले. पण पंपाकडे नीट पाहिल्यावर त्याला माणसाचे अवयव आलेले दिसतात. पाणी देऊ न शकणारा पंपच दुःखी आहे. आमच्या वर्गातील एका लहान मुलाने विचारले, “पंप का रडतो?” त्याच्याच शेजारच्या मुलीने उत्तर दिले, “त्याला द्यायचंय ना पाणी.” आसपासच्या वाड्यांतून येणाऱ्या या मुलांना हातपंप ठाऊक आहे, १९०० च्या सुमाराचा नळ त्यांच्या ओळखीचा नाही. तेव्हा ती चूक मी चित्रकारांच्या खात्यावर मांडीत नाही.

तहानेसाठी त्यांनी मासा वापरला आहे. तहानलेल्या मुलाच्या देहात मासा. पाण्यावाचून तडफडणारा मासा ही प्रतिमा धम्मपदाच्या चित्तवग्गाच्या वाचकास लगेच आठवेल. तेथे ती चंचल चित्तासाठी आली आहे. येथे ती देहाची आहे. चित्ताला वळण लावण्याच्या गोष्टी देहाला पाणी मिळाल्यानंतरच्या, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले. ते या चित्रात सहज उतरले आहे. आगगाडी सापासारखी वळते. दौलताबादचा किल्ला हिंस्र जनावराचे रूप घेतो. १९३४ मध्ये बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी तेथील हौदाच्या पाण्याने हातपाय धुऊन पुढे गेले आणि मागून लोक शिव्या देत धावले, तो हा प्रसंग. निर्जीव दगडाला जनावर करणे ही मुलांच्या चित्रांतील जुनीच युक्ती, पण दगडाने माणसापेक्षा जास्त चावावे असा काळ होता, हे लक्षात घेतले तर ती युक्ती राहत नाही.

महाडचे पान मला सर्वश्रेष्ठ वाटते. महाड आमच्याच रायगड जिल्ह्यात. दरवर्षी २० मार्चला येथून गाड्या भरून माणसे जातात. मुलांनी चवदार तळे स्वतः पाहिलेले आहे. १९२७ च्या त्या सत्याग्रहाची चित्रे आपण पुष्कळ पाहिली आहेत. बहुधा बाबासाहेब तळ्याच्या पायरीवर, ओंजळीत पाणी, मागे जनसमुदाय. व्याम दांपत्याने भाषणाच्या प्रसंगी ध्वनिक्षेपकांचे कर्णे पाण्याची तुषारधार करून टाकले. कर्ण्यातून शब्द येतात आणि ते लोकांवर पाणी होऊन पडतात. पुस्तकाचा हा भाग पाण्याविषयी आहे, आणि सर्वांत जास्त पाणी आहे ते तळ्यात नव्हे, भाषणात. बाबासाहेबांनी त्या दिवशी लोकांना केवळ तळ्याचे पाणी दिले नाही, हे लिहिण्यास आपल्या चरित्रकारांना पाने लागली.

याच्या शेजारी ‘अमर चित्र कथा’ मालिकेतील ‘बाबासाहेब आंबेडकर’ हे १९७९ चे पुस्तक ठेवून पाहणे उचित होईल. त्याची संहिता सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल राहिलेले शां. शं. रेगे यांची आणि चित्रे दिलीप कदम यांची. या पुस्तकाची आजकाल जाणकार मंडळी टिंगल करतात, ती मला मान्य नाही. ज्या मालिकेची अनेक पुस्तके देवदेवता आणि राजेमहाराजे यांनी व्यापलेली होती, तिच्यात बाबासाहेब आले, ते वाण्याच्या दुकानापर्यंत पोहोचले, आणि माझ्या पिढीतील कित्येकांनी त्यांना प्रथम तेथेच रंगीत पाहिले. कदम यांची रेखाटने नेटकी आहेत. माणसाची ठेवण, पोशाख, काळ यांवर त्यांची पकड आहे. पण ती चौकटींची भाषा आहे. नायक मध्यभागी, प्रसंग त्याच्याभोवती, पुढच्या चौकटीत पुढचा विजय. त्यातून मुलाला बाबासाहेब किती थोर होते हे कळते. तहान कशी लागते हे तितकेसे कळत नाही. ‘भीमायन’मध्ये उलट घडते. बाबासाहेब पुष्कळदा पानाच्या एका अंगाला असतात, आणि त्यांच्यावर जे गुदरले ते पानभर पसरलेले असते. बडोद्यातील पारशी खाणावळीतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढल्यावर परदेशातून शिकून आलेला तो तरुण मुंबईच्या गाडीची वाट पाहत सार्वजनिक बागेत बसून राहिला. निवाऱ्याच्या या भागात वडाचे झाड येते. मोजणीच्या पुस्तकात सर्वांना सामावून घेणारे दुर्गाबाईंचे झाड ते हेच, असे मला वाटले. शहरातील एकाही घराने जागा दिली नाही, त्याला झाडाने दिली.

आता मुलाच्या मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. बाबासाहेब असे दिसत नाहीत, हे खरेच आहे. पण भरहुत आणि सांचीच्या शिल्पकारांनी तर तथागतांना दाखविलेच नाही. बोधिवृक्ष, रिकामे आसन, पदचिन्हे, धम्मचक्र एवढ्यावर त्यांनी भागविले, आणि त्यांच्यासमोर हात जोडलेल्या उपासकाला काही उणे भासले नाही. पुढे गंधार आणि मथुरा येथे मूर्ती आली. आज आपण तिलाच वंदन करतो. दोन्ही रीती आपल्याच. दिसणे हुबेहूब असले पाहिजे ही अट बौद्ध कलेने कधी घातलेली नाही. मात्र पुतळ्याची गरज वेगळी आणि पुस्तकाची वेगळी. चौकातला पुतळा गावाला सांगतो की आम्ही येथे आहोत. तो ओळखू आलाच पाहिजे. मुलाच्या मांडीवरचे पुस्तक त्याला आत नेते. ज्येष्ठ उपासकांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “पण ताई, चष्मा तरी काढलाय ना?” चष्मा काढलेला आहे. मी पान उघडून दाखविले. त्यांनी ते बराच वेळ हातात धरले होते.

पालि भाषेत ‘चित्त’ हा एकच शब्द मन आणि चित्र या दोहोंसाठी येतो. संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गात या शब्दावर एक सुंदर उपमा आहे. ‘चरण’ नावाचे चित्र तुम्ही पाहिले आहे काय, असे भगवान भिक्खूंना विचारतात, आणि ते चित्रही मनानेच कल्पिलेले असल्यामुळे मन त्याहूनही विचित्र आहे, असे सांगतात. अट्ठकथेनुसार हे चित्र गावोगाव हिंडवून दाखविले जाई. चांगल्या-वाईट कर्मांची फळे त्यावर काढलेली असत. आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा याच जातीची : हातात चित्राचे पान, तोंडाने कथा. परधान हेही गाऊन कथा सांगणारे. व्याम दांपत्याने बाबासाहेबांची कथा ऐकली आणि मग काढली. ती ऐकलेली कथा आहे, हे चित्रांत जाणवत राहते. म्हणूनच ही चित्रे एकट्याने मुकाट वाचण्यापेक्षा कोणी सांगत असता पाहावीत, तर अधिक खुलतात.

दोष आहेत, ते लपविणे बरे नव्हे. बस थांब्यावर दोन व्यक्ती आरक्षण आणि जात यांविषयी बोलतात आणि त्यातून बाबासाहेबांची कथा उलगडते, अशी मजकुराची रचना आहे. त्या भागात शब्द फार झाले आहेत. चित्राला श्वास घेण्यास जागा उरत नाही, आणि ज्यांनी खोकी नाकारली त्यांच्याच पानात शब्दांची खोकी दाटतात. हा दोष चित्रकारांचा नाही. दुसरे, १९५६ च्या धम्मदीक्षेला पुस्तकात मध्यवर्ती स्थान नाही. पाणी, निवारा, प्रवास या क्रमाची परिणती नागपूरच्या दीक्षाभूमीवर होते, असे आपण मानतो. आपल्या मुलांना ती चित्रे हवी होती. दिग्नाच्या वळणांत पिंपळाचे पान किती सुरेख बसले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तिसरा आक्षेप नावाचा. ‘भीमायन’ म्हटले की ‘रामायण’ आठवते, आणि ‘रिडल्स’ वाचलेल्या वाचकाला ते रुचत नाही. मलाही प्रथम रुचले नव्हते. बाबासाहेबांना महाकाव्याच्या नायकाच्या पंक्तीला बसविणे म्हणजे त्यांना पुन्हा त्याच व्यवस्थेच्या कोनाड्यात ठेवणे, असे वाटले. तथापि ‘अयन’ म्हणजे जाणे, वाट. सतिपट्ठान सुत्तात स्मृतीच्या मार्गाला ‘एकायन’ म्हटलेले आहे. हा शब्द कोणा एका महाकाव्याची मिरासदारी नाही. प्रकाशकांच्या मनात हा अर्थ होता असे मी म्हणत नाही, पण मुलांना मी तो तसाच सांगितला : भीमाची वाट. मसूर स्थानकावरून निघालेली बैलगाडी, गाडीवानाने दुप्पट भाडे घेऊन पायी चालणे, रात्रभर न मिळालेले पाणी. १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यांनी दिलेला नकार आणि त्यापायी झालेला अपघात. या पुस्तकातील जवळजवळ प्रत्येक दुःख वाटेवरचेच आहे.

त्यानंतरच्या रविवारी मी मुलांना कोरे कागद दिले आणि चवदार तळे काढावयास सांगितले. बहुतेकांनी पायऱ्या, पाणी आणि निळ्या कोटातील बाबासाहेब काढले. ज्या मुलाने हरकत घेतली होती, त्याने तळे काढलेच नाही. त्याने कागदाच्या मधोमध एक मासा काढला, पोट पाण्याने भरलेला, आणि त्याच्या डोळ्यावर चष्मा.